बहिरी घळ

ग्वाराच्या डोंगरात एक घळ आहे. आत शिरलं की पाण्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गावाने तिचं नाव बहिरी ठेवलं. उन्हाळ्यात परदेशी लोक दोर घेऊन तिच्यातून उतरतात. त्याआधी कातळात ठोकलेल्या कड्या तपासाव्या लागतात. गंजलेली कडी माणसाचा जीव घेते. हे काम ब्लासचं. साठी उलटली तरी त्याने ते दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं.

त्या वर्षी त्याचा नेहमीचा जोडीदार पाठ धरून घरी बसला. मग ब्लासने मेव्हण्याला घेतलं. सेवेरिनो गावचा न्हावी. त्याची कात्री थांबायची, तोंड थांबायचं नाही. ब्लासच्या विधवा बहिणीशी, ओरोसियाशी, त्याने दोन हिवाळ्यांपूर्वी लग्न केलं होतं. सकाळी निघताना ओरोसिया भावाला दारात अडवून म्हणाली, "यांना नीट परत आण. मी एकदा काळे कपडे घातलेत. पुन्हा नको."

ब्लासने मान हलवली. शब्द द्यायची त्याला सवय नव्हती. मान हलवली की दिला, हे बहिणीला माहीत होतं.

घळीच्या वरच्या तोंडाशी ऊन होतं, आभाळ स्वच्छ होतं. ब्लासने मेव्हण्याला काम समजावलं. वाटेत तीन धबधबे. प्रत्येकाच्या माथ्यावर एक कडी. दोर तिच्यातून ओवायचा, दोन्ही पदर खाली सोडायचे आणि दोन्ही पदरांवरून उतरायचं. सगळे उतरले की खालून एक पदर ओढायचा. दुसरं टोक वर जातं, कडीतून निघतं आणि दोर खाली येतो. दोर खाली आला की परतीची वाट संपली. भिंती अशा गुळगुळीत, की पालसुद्धा चढणार नाही. आणि आत बोलायचं ते शिट्टीने. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे ये, मी धरलंय. तीन म्हणजे उतरलो, दोर मोकळा.

"बायकोने शिट्टी मारली तर?" सेवेरिनोने विचारलं.

"बिनदोराची उडी मारायची, दाजी."

सेवेरिनो खो खो हसला. पहिला धबधबा तो हसतच उतरला. लाल हेल्मेट चढवून ब्लास मागून उतरला. शेवटचा माणूस नेहमी तोच असे. माथ्यावर कोणी राहिलं नाही हे पाहणं शेवटच्या माणसाचं काम.

पुढे घळ अरुंद झाली. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागत. वर आभाळाची चिंधी उरली होती, तीही पुढे कातळाच्या फुगवट्याआड गेली. भर दुपारी तिथे तळघरासारखा अंधार. ओल्या चुन्याचा वास, आणि त्याखाली कसला तरी जुना, बंद पेटीसारखा वास. सेवेरिनोचं बोलणं आपोआप कमी झालं.

दुसरा धबधबा सगळ्यात उंच. खाली एक डोह, डोहाभोवती गोल भिंत, आणि बाहेर पडायला एकच फट. ती फट थेट तिसऱ्या धबधब्याच्या माथ्यावर जाते. दोघे डोहात उतरले. ब्लास दोर ओढू लागला. निम्मा दोर आला आणि अडकला.

त्याने झटका दिला. दोर हलला नाही. तो खडकात अडकल्यासारखा कडक लागत नव्हता. हातात धरल्यासारखा लागत होता.

वरून शिट्टी आली. एक. लांब.

"मागून कोणी तरी आलंय की," सेवेरिनो त्याच्या कानाशी ओरडला. "सांगा त्यांना, आमचा दोर सोडा म्हणावं. फुकटे कुठले."

ब्लास वर पाहत राहिला. दोराचं दुसरं टोक निम्म्या उंचीवर हवेत लोंबत होतं. मोकळं. अशा दोरावर माशी बसली तरी तो सरकून खाली यायला हवा. न्हाव्याला हे कळण्यासारखं नव्हतं. ब्लासने त्याला ते सांगितलं नाही.

लांब डोंगरात गडगडलं. थोड्या वेळाने डोहाचं पाणी मातकट झालं. पाणी सेवेरिनोच्या गुडघ्याशी होतं, ते मांडीला लागलं. आता त्यालाही कळलं. दोर मिळाला नाही तर तिसरा धबधबा उतरता येणार नाही, आणि वरचा पाऊस इथे पोहोचला की हा डोह विहिरीसारखा भरणार.

"दोघं मिळून ओढू या, मेव्हणे," तो पुन्हा कानाशी ओरडला.

"वर माणूस असेल तर पडेल."

"आणि नसेल तर?"

ब्लासने पदर मुठीत घेतला. दोघांनी ओढून पाहिलं. दोर हातभर आला आणि तेवढाच परत वर गेला. सावकाश. पुन्हा शिट्टी, एक.

सेवेरिनोचे ओठ निळे पडले होते. तो काही तरी पुटपुटत होता; बायकोचं नाव असावं. ब्लासने आयुष्यभर माणसं उतरवली होती. माथ्यावर पाय गळालेला माणूस दोराला असाच चिकटतो, सोडत नाही. त्याला शिव्या देऊन उपयोग नसतो, ओढून तर नाहीच. भ्यालेल्या माणसाला बोलवावं लागतं. वर जे कोणी होतं ते खाली आल्याशिवाय दोर सुटणार नव्हता, आणि दोर सुटल्याशिवाय ओरोसियाचा नवरा वाचणार नव्हता. ब्लासने शिट्टी तोंडात धरली. क्षणभर थांबला. मग वाजवली.

दोन. ये, मी धरलंय.

दोर ताठ झाला, थरथरू लागला. वजन खाली येत होतं. ब्लासने रिवाजाप्रमाणे खालचं टोक धरून ठेवलं. वरून कोसळणारं पाणी एका जागी दुभंगलं, खांद्यांवरून वाहावं तसं, आणि ती फट हळूहळू खाली सरकत आली. फटीत कोणी नव्हतं. डोहाशी येऊन ती मिटली. दोर सैल पडला.

तीन शिट्ट्या. त्याच्या कानाजवळ.

मग दोर सरसर खाली आला.

"सुटला," सेवेरिनो म्हणाला. त्याने दुसरं काही पाहिलं नव्हतं. तो रडत होता आणि हसत होता. "सुटला हो, मेव्हणे."

"चला," ब्लास म्हणाला. "मागे बघू नका, दाजी."

फटीतून ते तिसऱ्या माथ्यावर आले. इथे घळ संपते. खाली कुरण, दगडी पूल, आणि पुलावर ओरोसिया जेवणाची टोपली घेऊन उभी. ऊन पडलेलं. ब्लासने दोर ओवला आणि मेव्हण्याला आधी सोडलं. खालून तीन शिट्ट्या आल्या. सेवेरिनो पोहोचला. ब्लासच्या छातीवरचं ओझं उतरलं.

त्याने दोराला हात घातला. दोर ताठ होता. कोणी तरी त्याच्या आधी उतरत होतं.

ब्लास थांबला. दुसरं काय करणार? एका वेळी दोरावर एकच माणूस, हा नियम त्याने स्वतः सगळ्यांना शिकवला होता. वजन खाली गेलं. पुन्हा तीन शिट्ट्या झाल्या. शेवटची शिट्टी किंचित ओढून वाजवलेली, अगदी त्याच्यासारखी.

तो कमरपट्टा दोरात अडकवणार तोच एक पदर वर सरकू लागला. खालून सेवेरिनो दोर ओढत होता. त्याच्या हिशोबाने सगळे उतरले होते.

ब्लासने पदर दोन्ही हातांनी पकडला. दातात शिट्टी धरून जीव तोडून वाजवली. एक. थांब.

खाली सेवेरिनोने मान वर केली. त्याचे हात थांबले. त्याच्याशेजारी लाल हेल्मेट घातलेला माणूस उभा होता. उजवा खांदा जरा पाडून, ब्लास उभा राहतो तसा. ब्लासने स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिला. हेल्मेट आहे की नाही, बधिर बोटांना कळेना.

सेवेरिनोने आपली शिट्टी तोंडाकडे नेली. त्या माणसाने त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि नाही अशी मान हलवली. मग दोघांनी मिळून दोर ओढला.

ब्लासने सोडला नाही. दोर त्याच्या मुठीतून जात राहिला. हात सोलवटायला हवे होते, सोलवटले नाहीत. शेवटचं टोक कडीतून निसटून खाली गेलं. गढूळ लोंढा मागून येऊन त्याच्या कमरेला लागला, पण ओढत नव्हता. थंडीही वाजत नव्हती.

ओरोसिया पुलावरून धावत आली. नवऱ्याला मिठी मारली. मग त्या दुसऱ्याचं हेल्मेट काढून शालीच्या टोकाने त्याचं डोकं पुसलं, लहानपणापासून भावाचं पुसत आली होती तसं. तिघं काही तरी बोलले, हसले. ब्लास वरून तिला हाका मारत होता. बहिरीत हाक कोणाला ऐकू जात नाही.

निघताना ओरोसिया एकटी मागे वळली. धबधब्याच्या पायथ्याशी एक सपाट दगड आहे. तिथे येऊन तिने टोपलीतला पाव मोडला, अर्धा दगडावर ठेवला, माथ्याकडे पाहून छातीवर क्रूस काढला, आणि त्या दोघांच्या मागे चालू लागली.

पूर आला की पाणी त्या दगडावरून वाहतं, आणि पूर दर वर्षी येतो. तरी नव्या तुकड्याशेजारी पावाचे जुने तुकडे होते. काही बुरशीने हिरवे, काही वाळून कातळासारखे काळे झालेले, सगळे त्याच हाताने मोडलेले.