डावा हात तुमचा

"मॅडम, हे जरा बंद करता का?"

पियानोवर मी शेवटच्या ओळीवर आले होते. शेवटच्या ओळीवर कुणी थांबवलं की माझं डोकं सणकतं. मान न वळवता ती ओळ पूर्ण केली, हात मांडीवर ठेवले आणि मगच दाराकडे पाहिलं.

दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता. बाहेर बारीक पाऊस चालू होता. उघड्या जिन्यावरून उतरून आल्यामुळे त्याचे खांदे भिजले होते. हातात टोपण न लावलेला मार्कर होता आणि बाहीवर त्याच मार्करची निळी रेघ.

"कामून बंद करू?" मी विचारलं.

"वर माझी फिजिक्सची बॅच चालू आहे."

"मग शिकवा की. मी कुठं नको म्हटलं?"

त्याला हसू आलं. ते त्याने दाबलं, पण डोळ्यांतलं राहूनच गेलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "मला महादेवप्पा सरांनी पाठवलंय. खालचं ऐकून ये म्हणाले... आणि सांग, ही खोली संगीताला ठेवायची का काढून घ्यायची."

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ही इमारत महादेवप्पा सरांची. वरचे सगळे मजले त्यांच्या क्लासचे आणि तळमजल्यावरची ही एवढी खोली माझ्या संगीताच्या क्लासची. लातूरच्या या भागात रिकामी खोली दिसली की तिथे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांच्या खाटा पडतात. पियानोला इथे दुसरी जागा कोण देणार? हैदराबादच्या माझ्या बाईंनी क्लास बंद करताना तो मला दिला होता, चांगला जडशीळ, लाकडी. खोली गेली तर तो टेम्पोत घालून नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगरला न्यायचा, आणि तिथे बाबांच्या घरात त्याच्यावर वाळवण घालायचं. शिकायला येणार कोण?

"आत्ता वाजवलं ते काय होतं?" त्याने विचारलं.

"नॉक्टर्न. म्हणजे रात्रीचं गाणं. शोपँ नावाचा माणूस होता, पोलंडचा, त्याचं."

"हा शोपँ सगळं असंच करायचा? झोप येणारं?"

"एका तुकड्यावरून ठरवता? तुमच्याकडं एका टेस्टवर पोराला नापास करता का?"

"न्हाई." तो मार्करचं टोपण खिशात शोधू लागला.

"मग त्याचे सगळे प्रकार ऐका. त्याच्यानंतर सांगा तुमच्या सरांना काय सांगायचं ते."

"किती प्रकार आहेत?"

"लई आहेत," मी म्हटलं आणि पुढचं पान उलटलं.

त्याचं नाव धम्मानंद कसबे. क्लासच्या बॅनरवर मात्र नुसतं 'डी.के. सर'. शेजारी हाताची घडी घातलेला फोटो, त्यात तो पंचेचाळिशीचा दिसतो. मला हे पारूबाईंनी सांगितलं.

पारूबाई देगलूरकडच्या. लेक आरती वर शिकते, म्हणून लातुरात खोली करून राहिलेल्या. अशा आया इथे गल्लोगल्ली आहेत. नवरा गावी शेतात, आणि ही इथे एका स्टोव्हवर पोरीचा डबा करत बसलेली. संध्याकाळी डबे घेऊन त्या सगळ्या आमच्या जिन्यावर बॅच सुटायची वाट बघत बसतात. कुणी मेथी निवडतं, कुणी जावेला फोन लावतं. माझं दार उघडंच असतं, त्यामुळे माझे अर्धे श्रोते मेथी निवडणारे होते.

दुसऱ्या दिवशी बॅच सुटल्यावर डी.के. सर त्यांच्यातच, खालच्या पायरीवर येऊन बसले.

"आज काय?"

"वॉल्ट्झ. नाचाचा प्रकार. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिल्यावर जोर."

वाजवून झालं. तो म्हणाला, "हे चालंल. पोरं ह्याच्यावर गणितं सोडवतील."

"म्हणजे ठेवायची खोली?"

"एका प्रकारावरून कसं सांगू? तुम्हीच म्हणालात."

असा तो गुंता सुरू झाला. एत्यूद वाजवला तेव्हा मी सांगितलं, हा म्हणजे बोटांचा रियाज, सरावासाठी लिहिलेला. तो म्हणाला, "म्हणजे आमचं रोजचं प्रॅक्टिस शीट! आमचं शीट कुणी असं ऐकत बसत न्हाई, एवढाच फरक." प्रिल्यूड संपला तेव्हा तो अजून चप्पल काढत होता.

"झालं?"

"झालं. प्रिल्यूड काही काही एवढेच असतात."

"एका मार्काचा प्रश्न." तो मान हलवत म्हणाला. "मग मोठं उत्तर कुठलं?"

"बलाद. ती गोष्ट असते, शब्द नसलेली."

पोलोनेझ ऐकून पारूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "ही वरात हाय गं बाई," म्हणाल्या. "नवरदेव घोड्यावर हाय." मी त्यांना सांगितलं की बरोबर ओळखलंत, हा मिरवत चालायचाच प्रकार आहे. त्या दिवसापासून त्या खुर्ची मागू लागल्या.

माझुर्काच्या दिवशी मात्र कुणी थट्टा केली नाही. तोही तीन मात्रांचाच नाच, पण जोर कधी दुसऱ्यावर, कधी तिसऱ्यावर पडतो, आणि पाय हवा तिथे पडतच नाही. मी सांगितलं, हा त्याच्या गावाकडचा नाच. शोपँ तरुणपणी पॅरिसला गेला, पुन्हा घरी जाणं झालंच नाही. तिकडे बसून आयुष्यभर माझुर्का लिहीत राहिला.

धम्मानंद पायरीवरून उठून दाराशी आला. मग म्हणाला, "माझं गाव किल्लारी. मी नव्या गावठाणात जन्मलो. भूकंपाच्या आधीचं गाव मी बघितलंच न्हाई. पण आई अजून सांगते, आपल्या दारातून उजवीकडं वळलं की पाराची वाट... आणि आमच्या आत्ताच्या घरातून उजवीकडं वळलं की साखर कारखान्याचा रस्ता आहे." तो जरासा हसला. "हे... अजून एकदा वाजवता?"

मी वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवताना माझ्या लक्षात आलं की मी खोलीसाठी वाजवत नाहीये. मला हा माणूस आवडायला लागला होता. उगाच आडपडदा कशाला ठेवू? त्याच्या पायरीवर बसण्याची मी सकाळपासून वाट बघायचे, आणि तो आला की मुद्दाम पानं चाळत बसायचे.

तोही काही कमी नव्हता. स्केर्त्झो ऐकून म्हणाला, "ह्याचा अर्थ काय?"

"विनोद."

"हा विनोद? मला तर कुणीतरी रागावून भांडी आपटल्यासारखं वाटलं. परत ऐकावं लागंल, घाईनं मत देणं बरं न्हाई." वरून महादेवप्पा सर विचारायचे, काय ठरलं? आणि हा सांगायचा, सर, अजून प्रकार बाकी आहेत.

बार्करोलच्या संध्याकाळी तो हातात कागद घेऊन आला. दुसऱ्या दिवशीच्या टेस्टची उत्तरं काढायची होती.

"बार्करोल म्हणजे?"

"नावाड्याचं गाणं. शोपँनं हे एकच लिहिलंय."

"लातुरात नावाड्याचं गाणं!" तो मोठ्याने हसला. "मॅडम, आम्ही पाणी रेल्वेनं आणलेली माणसं. तुम्ही नांदेडवाले, तुमच्याकडं गोदावरी हाय. तुम्हाला असले लाड परवडतात."

"मग डोळे मिटा आणि बसा नावेत. तिकीट नाही."

त्याने खरंच डोळे मिटले. मधेच मी वळून पाहिलं तेव्हा ते उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. तो गडबडून कागदावर वाकला, पेन चालवू लागला. माझी बोटं एका जागी घसरली. पारूबाईंच्या ते लक्षात आलं असणार, कारण त्या मेथीकडे बघून हसत होत्या.

आता एकच प्रकार उरला होता. तो मी मुद्दामच मागे ठेवला होता. तो झाला की ऐकणं संपणार, निकाल लागणार आणि पायरी रिकामी होणार. उद्या, उद्या करत मी तो टाळत राहिले.

आणि मग टेस्टचे मार्क लागले.

दुपारी महादेवप्पा सर स्वतः खाली आले. धोतरासारखी पांढरीशुभ्र पँट, कपाळावर भस्म, आवाज चढलेला. मागोमाग आयांचा घोळका. लातुरात मार्क गेले म्हणजे घरातलं कुणीतरी गेल्यासारखंच असतं.

"मॅडम, खोली रिकामी करा," ते म्हणाले. "सगळ्या बॅचनं एकच सोपा प्रश्न चुकवलाय. सगळ्या! वर मार्क वजा झाले ते वेगळेच. आणि पेपर चालू असताना तुमचं खाली वाजवणं चालू. दुसरं कारण काय असणार?"

"सर, मी तेव्हा पोरींना सा-रे-ग..."

"मला संगीतातलं कळत न्हाई. आठवडाभरात गाडी बोलवा."

मी पियानोच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिले. काहीतरी धरायला हवं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून धडधड पावलं आली. धम्मानंद. हातात तोच मार्कर, टोपण नाही.

"सर, पोरं चुकली न्हाईत."

"काय?"

"झोक्यावर बसलेली मुलगी उभी राहिली, तर झोक्याला एका फेरीला लागणारा वेळ वाढंल का कमी होईल, असा तो प्रश्न होता. कमी होईल, हेच बरोबर. सगळ्या पोरांनी तेच लिहिलं. मी उत्तरांत 'वाढेल' लावलं होतं. चूक माझी आहे."

उत्तर चुकवणारा सर म्हणजे या गावात काय असतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत समोरचे क्लासवाले चहाच्या टपरीवर ते सांगत सुटणार होते.

"डी.के.," महादेवप्पा सर हळू आवाजात म्हणाले, "तुझं नाव बॅनरवर आहे. हे आपण वर बसून बोलू."

"न्हाई सर. ह्यांच्यासमोरच बोलतो. नाहीतर मॅडमची खोली जाईल."

"पण तुझ्याकडून कशी चूक झाली? एवढं साधं?"

धम्मानंदने मार्कर या हातातून त्या हातात घेतला. "मी उत्तरं... हितं काढली. ह्या पायरीवर बसून."

"पायरीवर? कामून?"

"मॅडम वाजवत होत्या." आणि मग जणू विहिरीत उडी टाकायची तसं एका दमात म्हणाला, "सर, तुम्ही विचारलं होतं की ह्या संगीतानं लक्ष उडतं का. पोरांचं उडत न्हाई. माझं उडतं. पण त्यात पियानोचा दोष न्हाई."

माझे कान तापले. मी झाकणाकडेच बघत राहिले, वर बघायची हिंमत होईना.

पारूबाई पुढे आल्या. "म्हंजी आमच्या आरतीचं बरोबर हाय ना? मार्क द्या मंग तिचे. आन् सर, ह्या पेटाऱ्यानं पोरींचं काय बी बिघडलं न्हाई. बिघडलं ते ह्यांचं. त्यांचं ते बघून घेतील."

सगळ्या बायका हसल्या. महादेवप्पा सरांनी भस्म पुसलं जाईल इतक्या जोरात कपाळाला हात लावला. "सगळ्यांचे मार्क परत लावा," ते म्हणाले. "मॅडम, राहू द्या तुमचं इथंच. आणि तू, डी.के., हितून पुढं उत्तरं माझ्या केबिनमध्ये बसून काढायची. खिडक्या लावून." जिना चढताना ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. ते रागाचं वाटलं नाही.

संध्याकाळी बॅच सुटली. डबे घेऊन आया गेल्या. पारूबाई जाताना खुर्ची आत ठेवून गेल्या आणि दार अर्धं ओढून घेतलं.

तो पायरीवरच उभा होता. "एक प्रकार राहिलाय म्हणाला होतात."

"हो. बेर्सझ." मी श्वास घेतला. "म्हणजे पाळणा. हाही त्यानं एकच लिहिला."

"पाळणा... म्हणजे पुन्हा झोकाच." त्याने कपाळावर हात मारला.

"तुमच्यासाठी एक डाऊट आहे, सर. झोक्यावर शेजारी अजून कुणी येऊन बसलं, तर?"

तो शिक्षकच शेवटी. क्षणभर खरंच विचार केला त्याने. "तर... वेळेत काही फरक पडत न्हाई. झोका तसाच चालतो."

"नक्की? उत्तर तपासून घेतलंय ना?"

"ह्या वेळी तपासलंय, महामाया."

त्याने पहिल्यांदा मला नावाने हाक मारली होती. मी बाकावर उजवीकडे सरकले.

"मग बसा की."

तो बसला. त्याच्या बाहीला मार्करच्या शाईचा वास येत होता. मी त्याचा डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला, एकेक बोट जागेवर लावलं. बोटं गार होती.

"हा डावा हात तुमचा. खालचा सूर, मग वरचे, पुन्हा खालचा. एवढंच. वर उजवा हात काहीही करो, नाचो, पळो, रुसो, डाव्यानं हेच वाजवत राहायचं."

"कुठपर्यंत?"

"जवळजवळ शेवटपर्यंत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मला वाजवता येत न्हाई. चुकंल सारखं."

"चुकू द्या. कंटाळा आला तर मात्र आत्ताच सांगा."

"कंटाळा न्हाई यायचा," धम्मानंद म्हणाला आणि खालचा सूर दाबला. चुकीचा लागला. त्याने बोट सरकवलं, पुन्हा दाबला, आणि या वेळी तो बरोबर लागला. मग मी माझा उजवा हात त्याच्या शेजारी ठेवला.