कोबेच्या स्टेशनावरचा फळा

शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. खोटं वाटेल त्याने खुशाल पावसला यावं, मामाचं घर कुणीही दाखवील.

१९८३ चा नोव्हेंबर.

माझा लवूमामा बोटीवर खलाशी. बोट जपानात, कोबेच्या गोदीत दुरुस्तीला लागलेली. माणसांची राहायची सोय शहराबाहेर, त्यामुळे रोज लोकलने जा-ये. अठरा महिने घराचं तोंड बघितलं नव्हतं. बदली माणूस मिळेना, म्हणून कंपनी सोडेना. मामाचा अगदी पिट्टा पडलेला.

त्या छोट्या स्टेशनावर एक फळा होता. चुकामूक होऊ नये म्हणून लोक त्यावर खडूने निरोप लिहीत. काही तासांनी एक टोपीवाला कर्मचारी येऊन सगळं पुसून टाकी.

संध्याकाळचे सहा. मामा बाकावर टेकला. सहज फळ्याकडे बघितलं...

त्या जपानी रेघोट्यांत मराठी!

'लव्या, मी निघतंय.'

मामाला लव्या म्हणणारी जगात एकच. त्याची आई, म्हणजे माझी सावित्रीआजी. ती तर पावसला. आणि तिला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा उठवायची.

गाडी नुकतीच गेलेली. फलाटावर चिटपाखरू नव्हतं.

पण दोरीला बांधलेला खडू... अजून हलत होता.

खरं तर मामाने पळत सुटायला हवं होतं. पण माणूस इतका दमलेला, की त्याला नुसतं रडू आलं. त्याने खडू धरला आणि खाली लिहिलं, 'आई, थांब. मी येतोय.'

दुसऱ्या दिवशी फळा स्वच्छ पुसलेला. मामाची ओळ मात्र तशीच...

टोपीवाला तिच्यावरून फडकं फिरवत होता, आणि त्याला ती दिसतच नव्हती.

मामाला उलट धीर आला. त्याने ती राहू दिली.

इकडे पावसला, मामाने ते लिहिलं त्याच दिवशी दुपारी (तिकडचे सहा म्हणजे आपले अडीच), आजीला खाली घेतलं होतं. तोंडात गंगाजळ घालून झालं. शेजारच्या गोदाकाकूने गळा काढला.

आणि आजीने डोळे उघडले.

"लव्या थांब म्हणतोय."

आठ महिन्यांनी मामा घरी आला. आजी म्हणजे नुसती हाडं. घोटभर पेजेवर श्वास चालू. डॉक्टरांनी हात टेकलेले.

"आई, आलो गं."

तिने त्याचं मनगट धरलं. "दमलंय रे लव्या. जीव जाईना. तू लिवलंस ते पुसून टाक."

फळ्याचं मामा कुणाजवळ बोलला नव्हता. आणि आमच्या रत्नागिरीत अजून रेल्वेच नाही. आजीने स्टेशन जन्मात बघितलेलं नाही.

दोन वर्षं मामाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपल्या हाताने आईला कोण मारील हो? पण ती रोज तेच मागायची. शेवटी त्यालाच बघवेना.

गेल्या महिन्यात त्याला कोबेला जाणारी बोट मिळाली. निघताना मामा ढसाढसा रडला. आजी नाही रडली. म्हणाली, "बेगीन जा."

आता आम्ही आळीपाळीने तिच्या उशाशी बसतोय. मामा पोचल्याचं पत्र यायला पंधरा दिवस तरी लागतील.

आम्हाला त्याआधीच कळेल.