मागच्या दाराची हाक

मेलेलं माणूस दार ठोठावत नाही, हे शाल्मलीला ठाऊक होतं. पण हरवलेला यंत्रमानव ठोठावतो का, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

टक् टक्... टक्.

चंद्रावरच्या वस्तीच्या मागच्या दारातून आवाज येत होता. त्या दाराबाहेर ना हवा, ना वारा, ना माणूस. हवा नसली की आवाज पोचत नाही म्हणतात, ते खरंच. पण हा आवाज दाराच्या पोलादातूनच सरपटत आत येत होता.

"खडक तडकतोय गं," कालिंदीआत्या म्हणाली. वस्तीचे संगणक तीच सांभाळायची. बाकीची मंडळी पलीकडच्या वस्तीवर गेलेली, त्यामुळे घरात या दोघीच होत्या. "ऊन उतरलं की दगड गार होतो, आक्रसतो आणि वाजतो."

"मोजून वाजतो का? दोन, मग एक?"

आत्याचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. दोन, मग एक ही खूण शाल्मलीनंच भैरूला शिकवली होती. भैरू म्हणजे दगड वेचणारा बुटका यंत्रमानव, तिचा चंद्रावरचा एकुलता एक सवंगडी. पंधरवड्यापूर्वी तो दरीत कोसळला आणि त्याचे संदेश यायचे बंद झाले. त्या दिवशी शाल्मली जेवली नव्हती.

ती दाराशी गेली आणि थंडगार पोलादावर बोटानं वाजवलं. टक् टक्... टक्.

पलीकडे सगळं चिडीचूप झालं. मग अगदी तिच्या बोटासमोरून, घाईघाईनं, उत्तर आलं. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ उजळलं: 'जवळपास: भैरू'. ती दचकून मागे सरली, तर नाव पुसलं गेलं. पुन्हा पुढे झाली, तर नाव परत हजर!

"आत्या, भूत आहे गं!"

आत्यानं घड्याळ पाहिलं आणि कप खाली ठेवला. "आमच्या कुडाळला म्हणायचे, तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नये. भूत एकदाच हाक मारतं. हा तर सारखा मारतोय." तिचा आवाज खाली आला. "भैरू चालत घरी आलाय, बाळा. त्याचा लांबवर संदेश धाडणारा अँटेना मोडला असणार. म्हणून तो ब्लूटूथवरून (थोड्याच अंतरावर चालणाऱ्या बिनतारी संदेशातून) हाका मारतोय. तुझ्या घड्याळाला ऐकू येतंय, पण दाराला नाही. दार बहिरं आहे, आणि ते मीच केलंय."

मागचं दार हातानं उघडत नसे, आतल्या हुकमानंही नाही. बाहेर कोण आहे याची ओळख पटली की दाराचा संगणकच ते उघडी. पुढच्या दारानं निघून डोंगराला वळसा घालून जावं, तर सूर्य अर्धा बुडालेला. तो बुडाला की दोन आठवड्यांची रात्र, आणि त्या गारठ्यात भैरूची बॅटरी कायमची मरणार.

"बहिरं कसं केलंस?" शाल्मलीला रडू फुटत होतं.

"प्रत्येक संगणकात कर्नेल असतं (प्रणालीचा गाभा; प्रोग्रॅम आणि यंत्राचे भाग यांच्यामधला कारभारी)." आत्याची बोटं कळफलकावर धावू लागली. "ते बांधताना एकेका सोयीबद्दल ठरवावं लागतं. ती गाभ्यातच घालायची, की मॉड्यूल म्हणून (लागेल तेव्हा जोडायचा सुटा भाग) बाजूला ठेवायची, की वगळायची. मागच्या आठवड्यात दाराचं कर्नेल हलकं करायला बसले. म्हटलं, भैरू तर गेला, आता मागच्या दारानं कोण येतंय? आणि ब्लूटूथ वगळलं."

तिनं ब्लूटूथ गाभ्यात घातलं, कर्नेल नव्यानं बांधलं, दाराचा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. दोघी दारावरच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. दार ढिम्म. बाहेरची टकटक मात्र आता रेंगाळायला लागली होती.

"अजून ऐकू का येत नाही?"

आत्यानं कपाळावर हात मारला. "घाईत घोळ! मी दाराला ब्लूटूथची भाषा शिकवली, पण कान द्यायचा राहिला. दारात रेडिओची चिप आहे ना, ती हाताळणारा ड्रायव्हर (एकेका यंत्रभागाची रीत जाणणारा प्रोग्रॅम) वेगळा निवडावा लागतो."

"म्हणजे परत सगळं बंद करून सुरू करायचं? ऊन संपेल गं!"

"नाही. भाषा गाभ्यात बसली आहे. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधते. तो चालत्या कर्नेललाही जोडता येतो."

टक्... टक्. तिसरी टक् आलीच नाही.

त्या शांततेची शाल्मलीला भुतापेक्षा जास्त भीती वाटली. घड्याळावरचं नाव लुकलुकत विझत चाललं. ती दारावर दोन्ही मुठी आपटत ओरडली, "भैरू, ओ! ओ देतेय ना मी!"

"जोडलं," आत्या पुटपुटली.

दाराचा पडदा काळाच राहिला. मग कोपऱ्यात एक फिकट ओळ उमटली: 'भैरू. आत येऊ?'

बाहेरचं दार सरकलं, जड पावलं मधल्या खोलीत शिरली, दार मागे मिटलं, हवा भरली, आतलं दार उघडलं. राखाडी धुळीनं माखलेला भैरू उभा होता. डोळ्यांचे दिवे विझलेले, हात ठोठावायला उचललेला, तसाच. त्याच्या पाठीच्या सौरपट्टीवरचं ऊन कधीच गेलं होतं. दोघींनी त्याला ओढत चार्जिंगला नेलं. बऱ्याच वेळानं एक डोळा मिणमिणला. शाल्मली त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

"किती वेळा हाक मारलीस रे?"

"ओ मिळेपर्यंत," भैरू म्हणाला. "यंत्राला दुसरं काय येतं?"

आत्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. मग ती वस्तीतल्या उरलेल्या दारांची कर्नेलं तपासायला बसली. पलीकडच्या वस्तीतली यंत्रं रात्र सरल्यावर इकडे ये-जा करणार होती, त्यांनाही ओ मिळायला हवी होती.

बाहेर दोन आठवड्यांचा काळोख पसरला. झोपण्यापूर्वी शाल्मलीनं मागच्या दाराला कान लावला. काही नाही. तरी तिनं बोटानं वाजवलं, दोन, मग एक.

उत्तर तिच्या पाठीमागून आलं, चार्जिंगच्या कोपऱ्यातून.