आतून मोडलेल्या फासळ्या

तळ्याकाठी माझी शेड आहे. बर्फ वितळलं की लोक आपापल्या लाकडी होड्या माझ्याकडे दुरुस्तीला आणतात. त्या वसंतात हार्लन क्रॉकेट आला. पलीकडच्या काठावर त्याचा शिकाऱ्यांचा तळ होता.

"खडकावर आपटली रे, एसा. मधल्या फासळ्या तडकल्यात, बदलून दे."

होडी मी ओळखली. हार्लनचा वाटाड्या सबातिस आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी हिच्यातूनच जाताना बुडाला होता. दारूच्या नशेत त्याने ती खडकावर घातली, असं हार्लनने गावभर सांगितलं. सबातिस पेनॉब्स्कॉट जमातीचा, इथला आदिवासी, मग काय, गावानेही माना डोलावल्या. "त्याने दारूला कधी हात लावला नाही," असं त्याची बायको माली सांगत राहिली. कोणी ऐकलं नाही.

मी होडी उलटी केली आणि माझं डोकंच फिरलं. लाकडावर बाहेरून ताणलेल्या कॅनव्हासवर साधा ओरखडा नव्हता! फासळ्या आतून दाबल्या जाऊन मोडल्या होत्या, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. खडक काय होडीत बसून आला होता?

तरी काम केलं. सीडरच्या लाकडाच्या पट्ट्या वाफवून वाकवल्या, पितळी खिळे ठोकून बसवल्या. सकाळी पाहतो तर त्याच जागी तडे. लाकूडच दगा देत असेल म्हणून नव्या पट्ट्या घातल्या. पुन्हा तेच. या वेळी तड्यांतून पाणी झिरपत होतं आणि शेडभर ओल्या काजळीचा वास भरला होता.

मी मालीला बोलावून घेतलं. भर दुपारी हार्लनही होडी न्यायला आला.

"तुझं लाकूडच सडकं," तो म्हणाला.

"माझं लाकूड? आणि तुझी जीभ कशी आहे रे? काय लादलं होतंस हिच्यात?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात फासळी कडाडली. मग दुसरी. होडी लाकडी तिकाटण्यांवर टेकवलेली, रिकामी होती, तरी तिचा तळ खाली दबत चालला होता... हळूहळू... कुणीतरी जड काही टेकवावं तसा. तिकाटणी करकरली.

"चार पायांची बिडाची चूल होती..." हार्लन पुटपुटला. "वारा फार आहे, उद्या नेतो म्हणत होता तो. मीच..."

"मोठ्याने बोल," माली म्हणाली. "दारुडा म्हणताना आवाज चांगला निघत होता तुझा."

तळ जिथल्या तिथे थांबला.

रविवारी चर्चच्या पायरीवर, सगळ्या गावासमोर, मी हार्लनकडून ते वदवून घेतलं. मानगूट धरली नव्हती, एवढंच. होडी मालीला मिळाली. मी पुन्हा फासळ्या बसवल्या, आणि त्या टिकल्या.

आता माली रोज जाळं टाकायला एकटी जाते. पुढे बसून उजवीकडून वल्हं मारते. एकटं माणूस पुढे बसलं की होडीचं नाक खाली झुकायला हवं. हिची होडी सपाट चालते. आणि मागे, डाव्या बाजूला, पाण्यात वल्ह्याचे भोवरे उठत जातात.

एकदा न राहवून मी म्हटलं, "माली, सोबतीला सबातिस असतो ना..."

तिने हातातलं जाळं खाली ठेवलं.

"मलाही तसंच वाटायचं," ती हळूच म्हणाली. "पण एसा, माझ्या नवऱ्याने डावीकडून कधीच वल्हं मारलं नाही..."