जोडीचा शब्द

अमेरिकेतल्या त्या डोंगराळ, कोळशाच्या खाणींनी पोखरलेल्या राज्याच्या राजधानीवर फेब्रुवारीची पहाट उजाडत होती. गोठलेल्या नदीपलीकडे विधिमंडळाचा घुमट बुरुजासारखा उभा होता, आणि त्याच्या पायऱ्या अठ्ठावीस वर्षे सभासद असलेला एफ्राइम होल्कम एकटाच चढत होता.

बावीस वर्षांपूर्वी खाणीचे एकुलते एक तोंड ढासळून त्याचा सख्खा भाऊ आत गाडला गेला होता. तेव्हापासून प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट सक्तीची व्हावी, या एकाच विधेयकाचा त्याने ध्यास घेतला होता. आज त्यावर मतदान होते, आणि होल्कमचेच तोंड बांधलेले होते.

सभागृहाचा जुना रिवाज असा, की आजारी सभासदाला विरुद्ध पक्षातल्या एखाद्याने जोडीचा शब्द द्यावा: आपण परत येईपर्यंत मीही मत देणार नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. विधेयकाचा कट्टर विरोधक रेडिक न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला, तेव्हा भल्या होल्कमने त्याला तो शब्द देऊन टाकला. तेव्हा मतदान एप्रिलात ठरलेले होते. खाणमालकांच्या हस्तकांना या जोडीची कुणकुण लागली आणि त्यांनी ते फेब्रुवारीत ओढले.

नावे पुकारली गेली. अठरा बाजूने, अठरा विरुद्ध. बरोबरी झाली की विधेयक पडे.

"श्रीयुत होल्कम," कारकुनाने रिवाजापुरते पुकारले.

होल्कम उठला.

"आपली जोडी आहे," विरोधकांचा पुढारी क्रॉसन म्हणाला. "आपल्या शब्दाला आजवर तडा गेलेला नाही."

"आज जातो आहे," होल्कम म्हणाला. "माझं मत बाजूने."

विधेयक तरले. टाळ्या वाजवायला स्वपक्षाचेही हात उठले नाहीत.

बऱ्या झालेल्या रेडिककडे तो माफी मागायला गेला.

"आपल्या जागी मीही शब्द मोडला असता," रेडिक शांतपणे म्हणाला. "म्हणूनच माझ्यासारख्याचा घेतला नाही. आपला घेतला."

पुढे अकरा वर्षे होल्कम निवडून येत राहिला. दुसऱ्या वाटांनी माणसे जिवंत बाहेर आली, त्यांच्या बायका त्याचे नाव घेत. सभागृहात मात्र त्याच्याशेजारी कोणी बसत नसे. मग त्याची पत्नी मार्था वारली. दफनाच्या दिवशीच तो कायदा रद्द करण्याचा ठराव मतास आला. दफनाला जाता यावे म्हणून विरुद्ध पक्षातल्या चौघांकडे त्याने जोडी मागितली. चौघांनीही अदबीने नकार दिला.

तिकडे मार्थाचे दफन उरकले तेव्हा होल्कम सभागृहात आपल्या बाकावर बसून नाव पुकारले जाण्याची वाट पाहत होता.