नापास घर

दार उघडलं आणि आधी व्हॅनिलाचा वास आला, मग पिठाने माखलेला एक उंच माणूस.

"घरातली वीज तपासायला आलेय. नवे नियम लागू झालेत."

"या... पाय जरा सांभाळून. वायरी आहेत."

वायरी कसल्या, वेलीच त्या. एकाच प्लगवर ओव्हन, मिक्सर, फ्रिज आणि त्याच्या मावशीचा पंखा. बोर्डाला हात लावला, तर तापलेला. ओव्हनला वेगळी लाइन हवी, छताला धुराचा अलार्म हवा, मी सांगत गेले. नाहीतर महिनाअखेरीला वीज तोडणार. वीज गेली की केकवाल्याचा ओव्हन थंड, आणि ओव्हनवरच तर घर चाललेलं.

घर नापास केलं. मावशींनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला लाइन नवी होती. अलार्मही होता, पण ओव्हनच्या अगदी डोक्यावर. तो प्रत्येक केकला बोंबलायचा, म्हणून मावशींनी त्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती. टोपी काढायला मी स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगलं. केकवाल्याने धावत येऊन धरलं – स्टूलच – आणि कानापर्यंत लाल झाला. मी टोपी ओढली, तशी अलार्मने बोंब ठोकली. ओव्हनमधला केक करपला होता. ज्याने बघायचा, तो वर बघत होता.

अलार्म कुठे हलवायचा ते मी दाखवलं. जरा जास्तच वेळ दाखवलं. पुन्हा नापास.

"परत याल ना... म्हणजे, तपासायला?"

"यावंच लागेल."

तिसऱ्या खेपेला सगळं जिथल्या तिथे होतं. मी प्रत्येक स्विच दोनदा पाहिला, पेन काढलं आणि पुन्हा पर्समध्ये ठेवलं.

"आता काय खोट काढलीस, बाई?" मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"घरात काही खोट नाही, मावशी. पण आपल्या माणसाच्या घरावर आम्हाला सही करता येत नाही. उद्या दुसरे साहेब येतील. मी सकाळीच ऑफिसात सांगून आलेय..."

"कोण आपलं माणूस? ना ओळख ना पाळख."

मी केकवाल्याकडे पाहिलं. त्याच्या हातातला चमचा हवेत तसाच राहिला, आणि त्यावरून क्रीम टपकत राहिलं – त्याच्याच पायावर.

"सकाळीच?" तो हळूच म्हणाला. "मला न विचारता?"

"विचारू का आता?"

"नको," तो म्हणाला. "उत्तर पाठ आहे."

मावशींनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पायाने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"त्या साहेबांना म्हणावं, वेळेवर या. आणि तू उभी काय राहिलीस? बस की."