चार सेल, अडतीस सेकंदं

दुकानात गिटार वाजवत बसलेल्या मुलीचा प्लग एखाद्या अनोळखी माणसानं मुद्दाम भिंतीतून उपटला, तर त्याच्या प्रेमात पडावं की त्याच्या डोक्यात गिटार घालावी, असा प्रश्न मुजिंगाला पडलाच नाही. तिनं गिटार उचललीच होती.

"थांबा, थांबा! आधी मोजा," तो माणूस म्हणाला आणि त्यानं प्लग परत खोचला. "एक... दोन... तीन..."

"काय मोजा? डोकं फिरलंय का तुमचं?"

"सात... आठ..."

तिच्या पायाशी ठेवलेला प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पेटी, चांगला हातभर लांब होता, काळा कुळकुळीत, आणि घटकेपूर्वी नव्या नवरीसारखा दिव्यांनी मढलेला. आता तो निपचित पडला होता. पडद्यावर कसलंसं चिन्ह गोल गोल फिरत होतं. शेजारचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, केव्हाच जागा होऊन गुरगुरायला लागला होता. मुजिंगानं तार छेडली. आवाज नाही.

"...सदतीस, अडतीस!" एकदाचे पेटीचे दिवे लागले. "झाली राणीसाहेबांची आंघोळ. वाजवा आता."

किन्शासात, विक्टोआर चौकामागच्या त्या गल्लीत वाद्यांची सात दुकानं आहेत आणि सातही दुकानांतले विक्रेते ग्राहकाला सगळ्यात महागडी पेटी हसत हसत दाखवतात. तिच्यातलं वैगुण्य दाखवणारा हा पहिलाच. त्याचं नाव कियाला. उंच, सडपातळ, आणि नखांत काळं तेल बसलेलं. वाद्यं विकणाऱ्याच्या नखांत तेल कशाला, हे मुजिंगानं लगेच टिपलं. मुली टिपतातच, फक्त बोलत नाहीत.

"मी पेटी घ्यायला आलेय, मोजणी शिकायला नाही," ती फणकारली.

"कुठं वाजवता?"

"लिमेतेच्या चर्चमध्ये. कॉयरबरोबर."

"मग सेबेन वाजवत असाल."

वाजवत असाल म्हणे! गाण्याचे शब्द संपले की सेबेन सुरू होतो. गाणारे गप्प बसतात, गिटार बोलायला लागते आणि अख्खं चर्च नाचतं. सेबेनात गिटार बंद पडणं म्हणजे भर मांडवातून नवरा पळणं. आणि मुजिंगाच्या मांडवातून तो गेल्या वर्षी पळाला होता! कॉयरांची वार्षिक स्पर्धा, गच्च भरलेला हॉल, सेबेन ऐन रंगात... आणि वीज गेली. जनरेटर आला, दिवे आले, पंखे फिरले, पण गिटार मुकी ती मुकीच. कॉयरमधल्या सतरा ममा, म्हणजे वडीलधाऱ्या बायका, एक पाय उचललेल्या तशाच बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. बक्षीस गेलं ते गेलंच. कॉयरच्या अध्यक्ष ममा बोलुम्बू तीन दिवस मुजिंगाशी बोलल्या नाहीत, आणि चौथ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "पुन्हा गिटार मुकी झाली, तर ती पाद्रीसाहेबांच्या भाच्याकडे जाईल."

सहा वर्षं वाजवलेली गिटार! आणि भाच्याला धड तीन सूर येत नव्हते.

"सगळा घात केला तो जनरेटरवाल्यानं," मुजिंगा आता तावातावानं सांगायला लागली. "गाढवाला चाळीस सेकंदं लागली मशीन सुरू करायला!"

कियालानं कान खाजवला. "आठ."

"काय आठ?"

"आठ सेकंदं लागली. उरलेली बत्तीस तुमच्या जुन्या पेटीनं खाल्ली. वीज गेली की ती झोपते, आणि उठायला वेळ लावते. अ‍ॅम्पचं तसं नसतं."

"तुम्हांला काय माहीत?"

"कारण..." त्यानं प्लगाची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "तो गाढव मीच. रविवारी हॉलचा जनरेटर मीच चालवतो. वर्षभर शिव्या खातोय."

मुजिंगानं गिटार खाली ठेवली. शब्द परत घेता येत नाहीत, पण तिनं तसा प्रयत्नही केला नाही.

"म्हणजे स्वतःच्या जनरेटरचं पाप माझ्या पेटीच्या माथी मारताय तर!"

"पटत नसेल तर हा घ्या," असं म्हणून त्यानं मागच्या कपाटातून एक डबी काढली. साबणाच्या वडीहून जरा मोठी. दोन बटणं, एक इवलासा पडदा. पाठ उघडून दाखवली, आत चार पेन्सिल सेलची जागा. "हिला झोपच येत नाही."

मुजिंगानं डबीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिच्या मते, पेटीसाठी.

मोठ्या पेटीत दोनशे आवाज होते. राक्षसाची गुरगुर, विमानाची घरघर, विहिरीत पडल्यासारखा एक आवाज. मुजिंगानं सगळे वाजवून पाहिले आणि शंभराव्याला हसायला लागली.

"हा आवाज चर्चमध्ये काढला तर पाद्रीसाहेब माझ्या अंगावर पवित्र पाणी शिंपडतील."

"सेबेनाला लागतं तरी किती? सूर स्वच्छ हवा. त्याच्या मागे पावलावर पाऊल ठेवून येणारा घुमारा हवा, आणि वरून जराशी चकाकी. तीन गोष्टी. माणसालाही तीनच लागतात."

"कोणत्या हो, कियालादादा?"

"दादा म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"...गाढव चालेल."

ती मान खाली घालून डबीचा घुमारा लावत बसली. हसू दिसू नये म्हणून मान खाली घालणाऱ्या मुलीचे खांदे हलतात, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला दिसत होतं. येताना तिनं कोपऱ्यावरून गरम मिकात्यांचा पुडा आणला होता. त्या गोल तळलेल्या गोळ्यांतले चार तिनं खाल्ले आणि सहा चुकून त्याच्यासमोर राहिले.

तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही पेट्या शेजारी शेजारी मांडल्या, आणि त्याला हात लावू न देता स्वतः प्लग उपटला. परत खोचला. मोठी पेटी अडतीसनंतर उठली. डबीच्या वेळी मात्र ती वाजवतच राहिली, आणि अ‍ॅम्प जागा झाला तो थेट तिच्या सुराच्या मधोमध. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. तिनं पुन्हा उपटला. पुन्हा तेच. पाच वेळा.

"तुमच्यावर विश्वास नव्हता," ती म्हणाली. "माझ्या कानावर आहे."

"कानावरच ठेवा." मग जरा थांबून, काउंटर पुसत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "गेल्या वर्षी जनरेटर लावला आणि मी बाजूच्या दारातून आत डोकावलो. सगळे मला शिव्या देत होते. फक्त तू देत नव्हतीस. तू वाजवत होतीस. आवाज नव्हता, पण बोटं थांबली नव्हती. सगळा वेळ... मुकी गिटार."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनीही विचारलं नाही. काउंटर मात्र त्यानं बराच वेळ पुसला.

शनिवारी ममा बोलुम्बू खरेदीवर शिक्का मारायला आल्या. बरोबर चार ममा, चौघींच्या अंगावर एकाच छापाचं कापड. डबी बघून ममा बोलुम्बूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वर्षभर मिकाते तळून विकताना आमचे हात भाजले, ते ह्या काडेपेटीसाठी? अगं, पैसा दिसला पाहिजे! ती मोठी घे. दिवे बघ किती आहेत! लांबून कळेल तरी लिमेतेचा कॉयर आलाय म्हणून."

"ममा, ती दिसते छान. पण वीज गेली की झोपते."

"देव आहे ना!"

"देव आहेच, ममा," कियाला नम्रपणे म्हणाला. "पण देवानंतर जनरेटर आहे. आणि मी त्याला जवळून ओळखतो."

ममांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मुजिंगाला. मग मधल्या रिकाम्या जागेला. एवढ्या हिशेबाला त्यांना वेळ लागत नसे.

"ठीक आहे. डबी घे. जे उरेल त्यात नवं कापड घेऊ, ते तरी दिसेल. पण मुजिंगा, बोललेले शब्द मी विसरलेले नाही."

स्पर्धेच्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाद्रीसाहेबांचा भाचा पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं नखंसुद्धा कापून ठेवली होती. लिमेतेच्या आधी एकच कॉयर उरला होता, तेव्हा मुजिंगानं डबी हातात घेतली. डबी हलकी लागत होती. पाठ उघडली. आत एकही सेल नव्हता.

"ममा! सेल कुठं गेले?"

"ते होय?" ममा बोलुम्बू शांतपणे म्हणाल्या. "माझ्या रेडिओत घातले. भिंतीत वीज असताना डबीत सेल कशाला जाळायचे?"

"रेडिओ कुठाय?"

"घरी. प्रवचन चालू ठेवून आलेय, चोर येऊ नये म्हणून."

मुजिंगा मागच्या दारानं धावत सुटली. जनरेटरची शेड अंगणाच्या टोकाला होती. दारात कियाला टॉर्च पुसत उभा होता. तिला नुसतं "सेल..." एवढंच म्हणता आलं, आणि उघडी डबी तिनं पुढे केली.

कियालानं लगेच टॉर्चची टोपी फिरवली, चार सेल तळहातावर घेतले आणि एकेक करून डबीत बसवले.

"आणि तू? आत तर काळोख असतो! गोंगाट हॉलमध्ये जाऊ नये म्हणून दार लावल्यावर..."

"वर्षभर डोळे मिटून सराव केलाय. घरचे म्हणायचे, ह्याला वेड लागलं." तो हसला, पण ओठ जरा कोरडे होते. "जा. तुझा घुमारा लावायचा राहिलाय."

ती दोन पावलं गेली, वळली. "चुकलास तर लोक पुन्हा तुलाच शिव्या देतील."

"देऊ देत. तू देऊ नकोस."

लिमेतेचा कॉयर उभा राहिला तेव्हा हॉल थोडा कंटाळला होता. पहिली दोन कडवी कौतुकानं ऐकली गेली. मग शब्द संपले, ढोल बदलला आणि मुजिंगाच्या बोटांतून सेबेन सुटला — लख्ख, धावता, मागे घुमाऱ्याचे घुंगरू लावलेला. पहिली रांग डोलली. चौथी उठली. सतरा ममांनी नव्या कोऱ्या कापडाचे घोळ सावरत एक एक पाय उचलला...

आणि वीज गेली.

पंखे थांबले. खिडक्यांतून दुपारचं ऊन तेवढं आत येत होतं, आणि त्या उन्हात सगळ्यांना मुजिंगाची बोटं दिसत होती. ती थांबली नव्हती. ढोलवाल्यानं तिच्या बोटांकडे बघून ठेका धरला. कुणीतरी टाळी दिली. दुसऱ्यानं दिली. मुजिंगा मनात मोजत होती. एक... दोन... त्या काळोख्या शेडमध्ये एक हात चाचपडत असेल... तीन... इंधनाचा नळ डावीकडे... चार... डोळे मिटून... पाच...

सहा!

लांबून जनरेटर गुरगुरला, अ‍ॅम्प उठला, आणि गिटार सुराच्या मध्यातून अशी बाहेर पडली की जणू ती इतका वेळ दाराआड उभं राहून सगळ्यांची गंमत बघत होती. हॉलच्या छपराला भोकच पडायचं बाकी राहिलं! लोक खुर्च्यांवर चढले. परीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ पेन कानावर ठेवून नाचायला लागले. पाद्रीसाहेबांचा भाचाही नाचला. बिचारा मनानं वाईट नव्हता. आणि ममा बोलुम्बू नाचत नाचत मंचावर आल्या, ब्लाउजमधून एक कोरी नोट काढली आणि मुजिंगाच्या घामेजल्या कपाळावर थापून चिकटवली. ह्या शहरात वादकाला पावती अशीच मिळते. सहा वर्षांत मुजिंगाला ती पहिल्यांदा मिळाली होती.

पहिलं बक्षीस लिमेतेला. मातादी शहरातल्या महोत्सवाचं बोलावणंही लिमेतेला. आणि गिटार कुणाकडे, हा प्रश्न कुणी काढलाच नाही.

वीज अजून आली नव्हती. जनरेटरवर चाललेल्या माइकवरून प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं, आणि मुजिंगा मागच्या दारानं निसटली.

शेडचं दार आता सताड उघडं होतं. आत जनरेटर कानठळ्या बसवत होता. कियाला भिंतीला टेकून बसला होता. तो धडपडत उठला. दोन बोटं भाजली होती, गालावर तेलाचा पट्टा, आणि चेहऱ्यावर असं हसू की वाटावं, बक्षीस यालाच मिळालंय.

"सहा!" ती ओरडली.

"काय?"

"सहा सेकंदं!"

मग तिनं कपाळावरची नोट सोलून काढली आणि त्याच्या कपाळावर थापली. जनरेटरवाल्याच्या कपाळाला नोट! असं त्या हॉलच्या इतिहासात झालं नव्हतं. कियालानं हात वर नेला, पण नोटेला लावला नाही. पडेल म्हणून.

तो काहीतरी बोलला.

"ऐकू येत नाही!"

"मी म्हटलं — माझ्याशी — लग्न — करशील?" घरघरीवरून तो जीव तोडून ओरडला.

हे मात्र तिला नीट ऐकू आलं. मग तिचे ओठ हलले. पण त्या यंत्राच्या गोंगाटात एक अक्षर कळेल तर शपथ!

"काय? काय म्हणालीस?"

तिनं परत ओठ हलवले. ह्या खेपेला अगदी हळू, मुद्दामच.

कियालानं जनरेटरकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आणि ज्या माणसानं वीज उशिरा आली म्हणून वर्षभर शिव्या खाल्ल्या होत्या, त्यानं हात लांब करून बटण बंद केलं.

जग शांत झालं. हॉलमध्ये प्रमुख पाहुणे "ह्या मंगल प्रसंगी" एवढ्यावर अडले.

"हो!" मुजिंगा ओरडली. यंत्र बंद झालंय हे कळायच्या आधीच तिनं पूर्ण ताकद लावली होती, त्यामुळे तो 'हो' अंगण ओलांडून, खिडक्यांतून, थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मग ममा बोलुम्बूंची जीभ टाळूवर नाचली आणि आनंदाची किलकारी उठली, पाठोपाठ सोळा जणींची, आणि सगळा हॉल अंगणाकडे धावला.

पाहुण्यांचं भाषण अर्धंच राहिलं. जनरेटर परत सुरू व्हायला त्या दिवशी किती वेळ लागला, ते मात्र कुणी मोजलं नाही.